अड्येरीचा फणस

रुसोके जिभेनं टाळूवर टक-टक करायचा, तेव्हा रानातले चिंपांझी मान वर करून बघायचे आणि पुन्हा खायला लागायचे. त्या आवाजाचं काम एवढंच. मी आलोय, लपूनछपून आलेलो नाही, हातात भाला नाही, तुमचं चालू द्या. कासोजो गावच्या माग काढणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हाच आवाज करत, या कळपाच्या मागे हिंडून त्यांची भीती मोडली होती. सुरुवातीला चिंपांझी पळायचे. मग फांद्या फेकायला लागले, मग झाडावरून अंगावर मुतायला लागले, आणि शेवटी कंटाळले. लांबलांबच्या देशांतून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा असतो तो हा कंटाळा. भ्यालेल्या जनावराची नुसती पाठ दिसते, आणि पाठ बघायला कोणी समुद्र ओलांडून येत नाही.

या कळपातला सगळ्यात दांडगा नर म्हणजे अपुली. हे नाव रुसोकेनंच ठेवलं होतं, आणि ते ठेवणं जरा आगाऊपणाचंच होतं. कासोजोच्या त्या तोरो मुलखात माणसाला त्याच्या नावानं हाक मारणं उद्धटपणाचं. जन्मल्यावर घरचे जे लाडाचं नाव देतात, त्यानंच हाक मारायची. अशी नावं सगळ्या देशात मिळून डझनभर, त्यामुळे एकेका नावाचे शेकडो धनी. रुसोके हा अत्वोकी, त्याची बायको अब्वोली, मुलगी अकीकी. जनावराला असलं नाव कोणी देत नाही. पण त्या नराचं टक्कल अगदी गावातल्या मेलेल्या अपुली म्हाताऱ्यासारखं होतं, कपाळापासून मागे चकचकीत. रुसोकेनं एकदा दारूच्या घोळक्यात हे बोलून दाखवलं आणि माणसं पोट धरून हसली. म्हाताऱ्याची विधवा अड्येरी, तीही हसली. म्हणाली, "नवरा होता तेव्हाही असाच रानात पडलेला असायचा मेला."

त्या वर्षी उन्हाळा लांबला. रानातली उंबरं संपली आणि कळप फुटून आत खोल, दलदलीच्या पलीकडे गेला. पाहुणे चिखल तुडवत जायचे आणि हात हलवत परत यायचे. बिगाब्वा, हाकेचं नाव अचाली, हा मुख्य वाटाड्या त्यांच्यासमोर गोड हसायचा आणि त्यांची गाडी वळली की माग काढणाऱ्यांवर तुटून पडायचा.

"काय रे अत्वोकी, तुझे सोयरे आज कुणाच्या लग्नाला गेलेत?"

"खायला नाही रानात, अचाली. कुठनं येणार?"

"मला नको सांगूस. साहेबांना सांग. या महिन्यात दोघांना घरी बसवायचं म्हणतायत. एक नाव मी देऊन बसलोय." बिगाब्वानं बुटाला लागलेला चिखल रुसोकेच्या बुटाला पुसला. "दुसरं अजून पोटात आहे माझ्या."

रुसोकेनं वाकून बुटावरचा चिखल पुसला. हे हिरवे कपडे अंगावर चढायच्या आधी तो दुसऱ्यांचे केळ्यांचे घड सायकलवर लादून बाजाराला न्यायचा, आणि त्याचा सासरा त्याला माणसांदेखत 'घडवाला' म्हणायचा. आता तोच सासरा बसायला स्टूल पुढे करत होता. कपडे गेले की स्टूल जाणार, आणि पुन्हा घडवाला. विचारही त्याला सहन होईना. मारलं असतं तरी त्याला चाललं असतं, पण हसलं जाणं त्याच्यानं सोसवत नव्हतं.

अड्येरीचं घर गावाच्या टोकाला, रानाला खेटून होतं. घरामागे तिचा फणस. भर उन्हाळ्यातही लेकुरवाळ्या बाईसारखा बुंध्यापासून लगडलेला. ती त्याचे गरे रस्त्यावर विकायची, आठळ्या वाळवून ठेवायची, त्यावरच जगायची. एके सकाळी रुसोकेला त्या झाडाखाली ओळखीचे ठसे दिसले. कळप सगळा लांब गेला असला तरी अपुली आणि त्याचे दोन जोडीदार मधूनमधून चोरट्या पावलांनी इथे येऊन जात होते.

तो अड्येरीच्या दारात गेला.

"अड्येरी माय, एखादा फणस देशील का? पोरीसाठी."

"एखादा कशाला? दोन ने." तिनं स्वतः शिडी लावली. "अकीकी खाते का रे एवढं? पोरगी आहे का हत्तीण?"

"आवडतो तिला."

"मग नेत जा येऊन. लहान पोराला आवडलेलं नाही म्हणू नये. आणि पैशाचं नाव काढलंस तर शिडीवरनं ढकलीन तुला."

त्यातला एक वाटा घरी गेला, हे खरं. उरलेला रानात गेला. जुन्या लाकूडकाप्यांचा ओंडके चिरायचा एक खड्डा होता, आता शेवाळलेला, त्याच्या काठावर रुसोकेनं फणस सुरीनं फोडून मांडला आणि टक-टक केलं. रानातल्या जनावराला खायला घालणं हा माग काढणाऱ्याचा सगळ्यात मोठा गुन्हा. नोकरी तर जातेच, वर कोठडी. पण नोकरी अशीही जाणारच होती. त्यानं पुन्हा टक-टक केलं. बऱ्याच वेळानं झाडीतून ते टक्कल बाहेर आलं. अपुली आला, बसला, दोन्ही हातांनी गरे ओरबाडून खायला लागला, आणि हनुवटीवरून रस गाळत त्यानं रुसोकेकडे पाहिलं. त्या नजरेत आता कंटाळा नव्हता.

पाहुण्यांना चिंपांझी दिसायला लागले. पहाटे रुसोके एकटा पुढे जायचा, फणस मांडायचा, खाऊन झालं की सालं गोळा करायचा, आणि बिगाब्वा पाहुण्यांना घेऊन पोचेपर्यंत कळपातले नर तृप्त होऊन एकमेकांच्या उवा बघत पडलेले असायचे. पाहुणे कॅमेरे सरसावायचे, डोळे पुसायचे, एक बाई तर रुसोकेच्या गळ्यातच पडली. बिगाब्वानं कधी काही विचारलं नाही. 'अत्वोकीच्या जिभेत जादू आहे,' असं तो साहेबांना सांगायचा आणि स्वतःच्या पाठीवर शाबासकी घ्यायचा. सालं रुसोके अड्येरीच्या परसामागच्या नाल्यात टाकायचा. फणसाच्या झाडाजवळ फणसाची सालं, कोणी बघितली तरी काय म्हणणार? त्यानं हा विचार नीट करून ठेवला होता.

अपुली हुशार होता. थोड्याच दिवसांत तो टक-टक ऐकल्यावर सरळ रुसोकेसमोर येऊन बसायला लागला. आधी त्याचा उजवा तळहात बघायचा, मग डावा, मग मागे फणस असेल तिकडे. रुसोकेला मोठी गंमत वाटायची. राजासमोर दरबारी बसावा तसा हा रानाचा पैलवान आपल्यासमोर बसतो, आणि हे सासऱ्याला सांगताही येत नाही!

सांगता येत नव्हतं म्हणून त्यानं ते मुलीला शिकवलं. अकीकी साडेतीन-चार वर्षांची, गालावर खळी, आणि बापाची सावली. बाप कपडे उतरवत असला की ती त्याचे बूट घालून अंगणभर फिरायची. तो भाजलेली आठळी मुठीत धरायचा. तिनं टक-टक केलं की मूठ उघडायची.

"पुन्हा कर."

टक-टक.

"बघ अब्वोली, माझ्यापेक्षा स्वच्छ करते!"

"पोरगी आहे ती, माकड नव्हे," केमिगिसा चुलीजवळून म्हणायची. केमिगिसा हे त्याच्या बायकोचं खरं नाव, पण ते वापरायची वेळ फक्त रागात यायची. "आणि आठळ्या पुरे. रात्री पोट दुखतं तिचं."

मग एका दुपारी गावच्या चेअरमनची सून अंगणात केळी सोलत बसली होती. सुरीचं टोक भांड्याच्या काठावर आपटत होतं, टक, टक. ती वाकलेली असताना मागून अपुली आला आणि तिच्यासमोर बसला. तिचे हात बघू लागला. ती किंचाळून उठली, तिनं सुरी उगारली, आणि त्यानं तिचा दंड धरून चावा घेतला. हाड दिसत होतं म्हणतात. चिंपांझी पिकात यायचे, ऊस मोडायचे, पण माणसाच्या अंगणात येऊन समोर बसलेला चिंपांझी कासोजोनं कधी पाहिला नव्हता.

आंब्याखाली सभा भरली. चेअरमन कसाइजा, हाकेचं नाव अराली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्याच्या पायाशी फणसाच्या सालांची पाटी होती.

"नाल्यात सापडली ही. सुरीनं कापलेली. चिंपांझी सुरी कधीपासून धरायला लागले?"

माणसं हसली नाहीत.

"कोणीतरी त्यांना खायला घालतंय," कोणी म्हणालं.

"नाला कुणाच्या मागे आहे?"

"अड्येरीच्या."

"झाड कुणाचं?"

"अड्येरीचं."

"आणि त्या दांडग्याचं नाव काय म्हणे?" मागून एक तरणा ओरडला. "अपुली! म्हातारी आपल्या नवऱ्याला जेवू घालतेय!"

आता मात्र सगळे हसले, आणि ते हसणं वाईट होतं. तीच थट्टा, पण आता ती कुणाला थट्टा वाटत नव्हती. बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या. कुणीतरी सांगितलं, संध्याकाळी परसात उभी राहून बोलत असते ती. कुणाशी बोलते? एकटी बाई आणि बोलते कुणाशी?

अड्येरी उभी राहिली. "मी कोंबड्यांशी बोलते. तुम्हीही याल तर तुमच्याशी बोलेन. अत्वोकी, सांग ना रे यांना. फणस तूच नेत होतास की पोरीसाठी."

सगळ्या माना रुसोकेकडे वळल्या. बिगाब्वाही वळला. एकदाच त्यानं रुसोकेकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत त्याला सगळं कळलं हे रुसोकेलाही कळलं. मग बिगाब्वा आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"अत्वोकी," चेअरमन म्हणाला, "तू रानातला माणूस. ही जनावरं तुझ्या ओळखीची. सांग, कशासाठी येतात गावात?"

खरं त्याच्या ओठांवर होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. ते ओठांवर नव्हतं. ओठांवर होतं स्टूल, बूट आणि 'घडवाला'.

"फणसासाठी येतात," तो म्हणाला. "झाड आहे तोवर येणारच."

"आणि ही सालं?"

"पोरीसाठी मी एकदा-दोनदा नेला असेल फणस. एवढी सालं माझ्या घरची नव्हेत." मग त्यानं आणखी एक वाक्य घातलं. त्याची गरजही नव्हती. "पहाटे जाताना मी हिला नाल्यापाशी बघितलंय."

अड्येरी त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आलेला दिसला नाही. हिशेब चुकलाय आणि कुठे ते सापडत नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

झाड त्याच संध्याकाळी पाडलं. चेअरमननं पहिली कुऱ्हाड रुसोकेच्या हातात दिली, गावासाठी खरं बोलल्याचा मान म्हणून. त्यानं घाव घातला, चीक उडून त्याच्या दंडावर आला. चिकाचे डाग त्या शर्टावरून पुढे कधीच निघाले नाहीत. झाड पडलं तेव्हा पोरंसोरं धावली, लहान-मोठे, पिकले-कच्चे सगळे फणस वाटले गेले. गावानं त्या दिवशी सण केला. आठळ्या भाजल्याचा वास घराघरांतून येत होता. अकीकीनं इतके गरे खाल्ले की तिचे ओठ एकमेकांना चिकटले, आणि बापानं ते तेल लावून सोडवले.

अड्येरी गाठोडं बांधून ओढ्यापलीकडे भावाकडे निघाली. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं, फक्त तिच्या छपरावर दगड पडत होते. रुसोकेच्या दारावरून जाताना ती थांबली.

"अत्वोकी, तुझ्या पोरीला फणस आवडतो ना रे? आता कुठनं आणशील?"

ती खरोखरच विचारत होती. आवाजात विष नव्हतं. पण शेजारच्या बायकांनी ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

रानात अपुली येऊन बसायचा. रुसोके टक-टक करत नव्हता तरी यायचा. हात बघायचा, उजवा, मग डावा. मग केस फुलवून उभा राहायचा, फांदी आपटायचा. पाहुण्यांना ते फार आवडलं. "काय ताकद आहे!" एक जण म्हणाला. घरी येताना रुसोके मागे बघत यायचा. त्यानं टक-टक करणं सोडलं, जीभ दाताखाली धरून चालायचा. मुलीला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि केमिगिसा चुलीपाशीच असायची.

त्या दिवशी पाहुणे आले नाहीत, म्हणून तो दुपारीच परतला. केळीच्या बागेतून वाट उतरत होती. आपल्या अंगणातून त्याला आवाज आला. टक-टक. स्वच्छ, बापापेक्षा स्वच्छ. आणि त्या मेल्या माणसाला हसू आलं. आठळ्या मांडून खेळतेय, पाहुणे-पाहुणे खेळतेय पोरगी. पुन्हा आवाज आला, टक-टक. मग केमिगिसाची किंकाळी.

तो धावत पोचला तेव्हा केमिगिसा भुईमुगाच्या वाफ्यात कुदळ धरून उभी होती. अंगणात केळीच्या पानावर दोन आठळ्या उरल्या होत्या. अपुली कडेच्या अवोकाडोच्या खालच्या फांदीवर बसला होता आणि अकीकी त्याच्या हातात होती, एका दंडानं लोंबत. ती रडत नव्हती. बापाला बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"ओरडू नकोस," रुसोके बायकोला म्हणाला. "हलू नकोस."

त्यानं जीभ टाळूला लावली. टक-टक.

अपुली खाली उतरला. पोरीला ओढत, एका हातावर रेलत, सावकाश चालत आला आणि रुसोकेसमोर बसला. इतका जवळ की त्याचा श्वास लागत होता. त्यानं रुसोकेचा उजवा हात बघितला. मग डावा. मग त्याच्या मागे बघितलं.

"फणस," रुसोके कुजबुजला. "अब्वोली, फणस आण. कुठनंही आण."

"कुठनं आणू?" केमिगिसा म्हणाली. "तूच तोडलास ना!"

मग तिनं चुलीजवळची केळी फेकली, हिरवी, कच्ची. अपुलीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो परत तळहात बघत होता. रुसोकेनं ते उघडले, पुढे केले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, जणू यावेळी तरी आत काही निघेल. सगळं गाव त्या झाडावर जेवलं होतं आणि एक गरा शिल्लक नव्हता. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब घटका होती, आणि ती त्यानं रिकामे हात दाखवण्यात घालवली.

अपुलीचे केस उभे राहिले. रुसोकेनं पोरीच्या पायावर झेप घेतली. अपुलीनं त्याची दोन बोटं तोडली आणि पोरीला घेऊन केळी मोडत रानात गेला. काही वेळ आतून टक-टक ऐकू येत होतं. तिला दुसरं काय येत होतं? त्या आवाजावर मूठ उघडते, एवढं तिला ठाऊक होतं. रुसोके त्या आवाजामागे धावला. मग आवाज थांबला.

ती अंधार पडायच्या आधी सापडली, लाकूडकाप्यांच्या खड्ड्यापाशी, शेवाळलेल्या काठावर. जिथे तो फणस मांडायचा, नेमकी तिथे. शोधणाऱ्यांपैकी कुणाला त्या जागेचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पुरलं आणि तिथूनच माणसं आंब्याखाली आली. यावेळी भाले घेऊन. झाड तर पाडलं होतं. मग आता खापर कुणावर?

"जाताना ती काय बोलली ते मी ऐकलंय," शेजारीण म्हणाली. "पोरीचं नाव घेतलं तिनं. 'आता कुठनं आणशील' म्हणाली."

"शाप दिला."

"नवऱ्याला पाठवलं."

चेअरमननं रुसोकेकडे पाहिलं. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "अत्वोकी, बोलली ती असं?"

"बोलली," रुसोके म्हणाला.

तेव्हा केमिगिसा उठली. डोक्यात अजून कबरीची माती होती.

"ते जनावर याचे हात बघत होतं," ती म्हणाली. "यानं जिभेनं बोलावलं आणि ते आलं, समोर बसलं, आणि हात बघितले त्यानं. एक, मग दुसरा. सवयीचं गिऱ्हाईक बघतं तसं. फणस यानं घातला. अड्येरीनं नव्हे. त्याला बोलवायला माझ्या पोरीला यानं शिकवलं." मग ती नवऱ्याकडे वळली, आणि सगळ्या गावादेखत तिनं त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. "सांग, रुसोके."

बिगाब्वानं घसा खाकरला. या गावातली घरं पत्र्याची झाली होती ती पाहुण्यांवर. बायकांच्या टोपल्या पाहुणे घेत, पोरांच्या शाळेला पाहुणे देत. खायला घालणारा खुद्द माग काढणाराच निघाला तर रान पाहुण्यांना बंद होईल, हे बिगाब्वाला कळत होतं, चेअरमनला कळत होतं, आणि खरं तर आंब्याखालच्या प्रत्येकाला कळत होतं. शिवाय त्या झाडाचे गरे सगळ्यांनीच खाल्ले होते.

"पोटची पोर गेलीय," बिगाब्वा हळुवारपणे म्हणाला. "डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं."

"घरात न्या तिला," चेअरमन म्हणाला. "पाणी पाजा."

बायकांनी केमिगिसाला दंडांना धरून उचललं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि अजूनही थोडा वेळ होता. एक शब्द पुरला असता. रुसोके फडक्याची गाठ सारखी करत राहिला.

"ओढ्यापलीकडची वाट कुणाला माहीत आहे?" चेअरमननं विचारलं. "रानातून जायची."

वाट माग काढणाऱ्यालाच माहीत असणार. कोणीतरी रुसोकेच्या धड हातात भाला दिला आणि माणसांनी त्याला पुढे जाऊ दिलं, बाप म्हणून, मानानं. त्याच्या सासऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते घरावरून गेले तेव्हा आतून टक-टक ऐकू आलं, बाईच्या जाड जिभेचं, नीट न जमलेलं. पुन्हा आलं, आणि पुन्हा. रुसोके ओढ्याच्या दिशेनं चालत राहिला.